दोरी ओढा, दिवा लागेल

…आणि हा दिवा आधी कुणीतरी बाजूला फिरवा. तो नाही हो, तो भिंतीवरचा. हा, माझ्या डोक्यावरचा. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं, आणि तुम्ही मला इथे भगभगीत उजेडात उभी करता, वर सांगता, आजी, सावकाश बोला, पाणी ठेवलंय. पाणी ठेवलंत ते बरं केलंत, पण माझी ओळख करून देणाऱ्या त्या सद्गृहस्थांना कुणी आवरेल का? काय म्हणाले ते? "देशोदेशींच्या माणसांना बरोबर घेऊन काम करण्याचा दांडगा अनुभव असलेल्या…" कुणाला? मला? तुम्हाला सांगते, मी या शहराबाहेर उभ्या जन्मात दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला, आणि त्यातलं एक मोडलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. मला कसले देशोदेश? मी आपली शिक्का मारणारी बाई.

तुम्ही वह्या उघडून बसलात, पण लिहायची घाई करू नका. तुम्हाला म्हणे कंपन्या बाहेर धाडणार, परक्या लोकांवर साहेब म्हणून, आणि त्याआधी दोन दिवसांत शहाणं करून सोडणार, तेही मधली जेवणाची सुट्टी धरून. सकाळी एकाने त्या पडद्यावर बाण दाखवले, इकडचा माणूस असा वागतो, तिकडचा तसा वागतो. मी मागे बसून बघत होते. बाण छान होते. माणूस एक दिसला नाही.

आमच्याकडे पण असाच एकजण आला होता, बाण शिकून.

आमचा कारखाना पट्ट्यांचा. पँटीचे नव्हेत. खांबावर चढणारे, उंच इमारतीच्या काचा पुसणारे, पुलाला रंग देणारे लोक कमरेला जो पट्टा बांधतात ना, तो. पाय सटकला की माणूस आणि जमीन यांच्यामधे तेवढा पट्टा असतो, बाकी काही नसतं. एकोणचाळीस वर्षं मी तिथे आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती खोक्यांवरची, आकडे शिकले टाके मोजून. कडीपाशी बेचाळीस टाके लागतात, म्हणून मला बेचाळीसपर्यंत आधी आलं, पुढचं सावकाश. वीस वर्षं मशीनवर बसले आणि मग शेवटच्या टेबलावर आले, तपासणीला. पट्ट्याच्या पोटात एक लाल धागा असतो. सुई वाकडी गेली आणि वरची वीण कापली की तो लाल धागा डोकावतो. डोकावला की पट्टा बाद. नाही डोकावला, टाके बेचाळीस भरले, अंगठ्याला शिवण नीट लागली, की मी शिक्का मारायचा आणि तो पट्टा जगात कुठेही जायचा. त्या शिक्क्यावर माणूस डोळे मिटून लटकतो. डोळे मिटून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर कारखाना विकला गेला. कुणी घेतला, कुठल्या देशाने घेतला, आम्हाला कोण विचारतंय? एका सोमवारी नवा साहेब हजर. हा असा उंच, असा सरळ, बसला तरी उभा वाटायचा, म्हणून पहिल्याच दिवशी बायकांनी नाव ठेवलं, काटकोन. बरोबर एक दुभाषी, शिकलेली पोरगी, आवाज मधासारखा. काटकोनाने काय करावं? आपल्या केबिनची भिंत पाडायला लावली. म्हणे, मी तुमच्यातलाच, माझं टेबल तुमच्या मधोमध. अरे बाबा, साहेबाची भिंत साहेबासाठी असते का? ती आमच्यासाठी असते. तिच्या अलीकडे उभं राहून आम्ही साहेबाला शिव्या द्यायचो, मन हलकं व्हायचं, काम नीट व्हायचं. आता कुठे द्यायच्या? पाणी प्यायच्या जागी रांग लागायला लागली.

ते जाऊ दे. भिंतीनंतर आली दोरी. प्रत्येक मशीनवर, माझ्या टेबलावरही, छतातून एक जाड दोरी लोंबती सोडली आणि तिच्या वर एक लाल दिवा. नियम असा, की कुणालाही चूक दिसली, स्वतःची असो नाहीतर दुसरीची, की तिथली दोरी ओढायची. दिवा लागतो, भोंगा वाजतो, आख्खी लाइन थांबते, सगळ्या जमतात, आणि मग साहेब पाच वेळा विचारतो, का? एकदा विचारून खरं कारण सापडत नाही म्हणे, पाचव्या 'का'ला सापडतं. आणि सापडलं की ते फळ्यावर लिहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. टाळ्या. चुकीला. दुभाषी मधाळ आवाजात सांगत होती, "साहेब म्हणतात, त्यांच्याकडे चूक दाखवणं हा सन्मान आहे." मी म्हटलं असेल, मला काय करायचंय? मी आपली शिक्का मारणारी बाई.

पहिल्या आठवड्यात आमच्या चिमटीने ओढली. चिमटी म्हणजे दुसऱ्या मशीनवरची, बोलली की चिमटा काढल्यासारखं लागतं म्हणून. सुई मोडली होती तिची, एवढंच. भोंगा, दिवा, सगळ्या गोळा, काटकोन हातात खडू घेऊन हजर.

"सुई का मोडली?"

"घाई झाली."

"घाई का झाली?"

"उशिरा आले, काम तुंबलं होतं."

"उशीर का झाला?"

"डोळा लागला नाही काल."

"का?"

चिमटी मोडकी सुई बोटांत फिरवतेय. आम्ही सगळ्या जमिनीकडे बघतोय. आणि हा काटकोन प्रेमाने, अगदी प्रेमाने हो, खोटं नाही सांगत, मान वाकवून पुन्हा विचारतो, "का?" तेव्हा ती पुटपुटली, "नवरा चार दिवस बोलत नाहीये माझ्याशी." दुभाषीने ते भाषांतर केलं. आणि साहेबाने फळ्यावर लिहवून घेतलं, मोठ्या अक्षरांत, कारण: नवरा. आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

चिमटीसारखी चिमटी, तीन दिवस आमच्यात जेवायला बसली नाही. आणि नवरा तोवर बोलायला लागला होता, तो पुन्हा बोलेनासा झाला, कारण फळ्याची बातमी त्याच्या कामावर पोचली.

त्या दिवसापासून दोरी कुणी ओढली नाही. आठवडा गेला, महिना गेला, तीन महिने गेले. दोरीवर धूळ बसली. आता तुम्ही म्हणाल, चुका होत नव्हत्या का? होत होत्या की. माणूस तिथे चूक. पण आमची रीत वेगळी. बिघडलेला पट्टा दिसला की तो उलटा करून मांडीवर घ्यायचा, ॲप्रनखाली. ओरडायचं नाही. चहाच्या सुट्टीत जिचा असेल तिच्या शेजारी जाऊन बसायचं, आधी मुलाबाळांचं विचारायचं, आणि मग हळूच ॲप्रन वर करायचा. ती बघते, समजते, दोघी मिळून उसवतो, पुन्हा शिवतो. कुणाला पत्ता नाही. तिची मान खाली नाही, आपला तोरा नाही. एकोणचाळीस वर्षं अशी काढली. यात वाईट काय आहे, सांगा ना?

काटकोनाला ते दिसलं नाही. त्याला दिसलं फळ्यावरचं शून्य. तीन महिने एक चूक नाही, तर आमच्या जुन्या मालकाने पाठ थोपटली असती. हा खवळला. सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाला, "शून्य म्हणजे खोटं." खोटं? माझ्या शिक्क्याच्या पुढे उभं राहून खोटं म्हणतो? मग मात्र मी उठले. तुम्हाला सांगते, पाव तास बोलले. म्हटलं, तुझं वय काय, माझा शिक्का किती वर्षांचा, तुझ्या आईला चारचौघांत पाच वेळा 'का' विचारशील का, आणि ती भिंत परत बांध आधी… श्वास घ्यायला थांबले तर दुभाषी त्याच्याकडे वळली आणि गोड हसून काहीतरी दोन शब्द बोलली. दोनच. काटकोन उठला, माझ्यापुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, आभारी आहे. मी तिला बाजूला घेतलं. "काय सांगितलंस गं त्याला?" तर म्हणते, "आजी म्हणतात, सुधारणेला वाव आहे." घरची शिकवण म्हणे, कुणाचं मन दुखवायचं नाही. माझ्या पाव तासाची तिने अशी साखर केली.

जाताना तो एवढं मात्र बोलून गेला, की महिनाभरात खरं काय ते कळलं नाही तर शेवटच्या टेबलावर कॅमेरा बसवणार. म्हणजे माझ्या टेबलावर. म्हणजे शिक्का गेला. शिक्का गेला की मी कोण? घरात बसून भिंतीकडे बघणारी म्हातारी. मी दात खाल्ले आणि आणखी जोरात शिक्के मारायला लागले.

आणि मग तो गुरुवार.

साहेबाने हिशेब केला होता, पट्ट्यांचं कापड जास्त लागतंय, पट्टे तेवढे निघत नाहीत. म्हणजे चोरी. फाटकावर पिशव्या तपासायला सांगितल्या. आणि कुणाच्या पिशवीत सापडावेत? माझ्या सुनेच्या. चौथ्या मशीनवर बसते ती. मुलगा माझा बोटीवर असतो, वर्षातले दहा महिने आम्ही दोघीच घरात, एका ताटात जेवतो म्हटलं तरी चालेल. तिच्या पिशवीत, डब्याच्या खाली, सात पट्टे. माझ्या शिक्क्याचे.

मला बोलावलं. सून उभी, खाली मान. टेबलावर सात पट्टे. काटकोन पांढरा पडलेला. चिमटीसकट अर्धी लाइन तिथेच, भिंत नव्हती ना. दुभाषी म्हणाली, "साहेब विचारतायत, हे का नेत होत्या?" चोर म्हणतायत तिला, उद्या कामावरून काढतील, तरी तोंड उघडेना. मला असा राग आला, तिचा, त्याचा, सगळ्यांचाच. मी पट्टा उचलला, त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "तुला वाटतं ही चोर? अरे, चोरायचं तर चांगलं कापड चोरेल, शिवलेला पट्टा नेऊन करायचंय काय तिला? आणि बघ, नीट बघ, काय खोट आहे यात? अस्सल माल आहे. मी स्वतः शिक्का मारलाय."

सगळ्यांनी नजर वळवली. चिमटीनेसुद्धा.

मग काटकोनाने हळूच बोट पुढे केलं आणि पट्ट्यावर टेकवलं. आमच्या भाषेतले चार शब्द तेव्हा त्याला यायला लागले होते. म्हणाला, "आजी. लाल."

मी बघितलं. मला लाल दिसलं नाही. चहाचा डाग पडावा तसं काहीतरी तपकिरी होतं, ते तर हल्ली सगळीकडेच असायचं, भिंतीवर, भांड्यांवर, सुनेच्या कपड्यांवर. मी दुसरा पट्टा उचलला. तपकिरी. तिसरा. सातही तसेच. अंगठा फिरवला, शिवण ठीक, टाके ठीक. अंगठ्याला रंग कळत नाही हो.

सुनेकडे वळले. म्हटलं, "किती दिवस?"

"तीन महिने."

"माझे सगळे?"

"दुपारच्या सुट्टीत मी आणि या दुसऱ्या मशीनवरच्या ताई खोकी उघडायचो, आई. तुम्ही पास केलेले सगळे पुन्हा बघायचो. लाल दिसला की काढून घ्यायचो आणि नवा शिवून टाकायचो. एकही बाहेर गेला नाही."

"आणि दोरी का नाही ओढलीस?"

तर म्हणते, "दिवा तुमच्या डोक्यावर लागला असता, आई."

आता मला सांगा, या पोरीला झोडपू की जवळ घेऊ? तीन महिने उभ्याने जेवली. बाद पट्टे इथल्या पेटीत टाकले तर मोजले जातात म्हणून घरी नेत होती. आणि घरी काय केलं त्यांचं? टॉवेल वाळत घालायच्या दोरीला एवढी ताकद कुठून आली असं मला वाटायचंच. सामानाच्या पिशव्यांचे बंद, पलंगाची सैल पडलेली बाजू, सगळीकडे तेच. तीन महिने मी माझ्याच शिक्क्यावर टॉवेल टाकत होते आणि मला दिसलं नाही.

रागाने माझे कान तापले. कुणावरचा राग, ते सांगते. आधी साहेबावर, ज्याच्या दिव्याच्या भीतीने पोरी झाकायला लागल्या. मग पोरींवर. आणि मग… तो काच पुसणारा कुणीतरी असतो ना, नवव्या मजल्यावर, डोळे मिटून लटकलेला. सून एक दिवस आजारी पडली असती, तर? एका दुपारी चिमटीचं डोकं दुखलं असतं, तर? आमची रीत चांगली आहे, मांडीवर घ्यायची, चहाच्या वेळी सांगायची. पण माझ्या शेजारी येऊन कुणी बसलंच नव्हतं. माझ्याजवळ बसून ॲप्रन वर करायची कुणाची छाती होती? एकोणचाळीस वर्षं मी सगळ्यांच्या चुका झाकल्या आणि माझी सांगायला एकीला जागा ठेवली नाही. तोरा नाही म्हणत होते ना मघाशी? तोच तो तोरा.

मी चालत माझ्या टेबलापाशी गेले आणि दोरी ओढली. धूळ डोक्यावर पडली. भोंगा, दिवा, लाइन बंद. मी दुभाषीला म्हटलं, "इकडे ये. आज साखर घालायची नाही. मी बोलेन तसंच्या तसं त्याला सांगायचं, नाहीतर तुझी गाठ माझ्याशी आहे." आणि काटकोनाला म्हटलं, "विचार."

तो खडू घेऊन उभा राहिला. "का… पास केला?"

"लाल दिसलं नाही."

"का?"

"डोळ्यांत पडदा आलाय."

"का दाखवलं नाही डॉक्टरला?"

"दाखवलं असतं तर टेबलावरून उठवलं असतं."

"का उठायचं नव्हतं?"

"एकोणीस वर्षं झाली त्या टेबलाला."

मग पाचवा. त्याने लगेच विचारला नाही. दुभाषीने विचारला, तोही स्वतःहून, मान खाली घालून. "का, आजी?"

म्हटलं, "मला दुसरं काही येत नाही. शिक्का काढून घेतला तर मला हाक कोण मारणार?"

तिने ते सांगितलं, शब्दाला शब्द. मला कळलं, कारण तिचा आवाज मधासारखा राहिला नव्हता. काटकोन फळ्याकडे वळला. आम्ही सगळ्या बघतोय, काय लिहितो. त्याने खडू खाली ठेवला. लिहिलं नाही. टाळ्याही नाहीत. खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसला आणि विचारलं, "आजी… घरी, मुलं… बरी?"

गाढव. पण शिकला.

मग कंपनीने डोळे नीट करून दिले. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली सून, केवढी वाळली होती ती. चोर-बीर सगळं मिटलं. शिक्का आता तिच्याकडे आहे, आणि मला दोरीवर नेमलंय. म्हणजे नव्या पोरींना शिकवायचं, केव्हा ओढायची आणि केव्हा मांडीवर घ्यायची. माणूस पडू शकतो अशी चूक, तर दोरी. नुसती मान खाली जाईल अशी चूक, तर चहा. हे त्या पडद्यावर कुठल्या बाणात आहे, दाखवा मला. बघा, आता लिहिताय. लिहा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज इथे कशाला असते? गेल्या महिन्यात चहाच्या सुट्टीत काटकोन माझ्या शेजारी येऊन बसला. मुलाबाळांचं विचारलं. मी म्हटलं, बोल. तर त्याने कोट थोडासा वर केला. मांडीवर कडी. नव्या कड्यांची मागणी त्याने एक माप लहान दिली होती, सहा खोकी येऊन पडली होती. कुजबुजत म्हणाला, "आजी… कुणाला नको."

तुम्हाला सांगते, मला भरून आलं. आमची रीत तो आमच्यापेक्षा छान शिकला होता. पण कडी लहान म्हणजे पट्टा अडकणार, आणि अडकला की माणूस… मी हात वर केला आणि दोरी ओढली. त्याच्या टेबलावर दिवाच नव्हता, म्हणून त्याला माझ्या दिव्याखाली उभा केला. सगळ्या धावत आल्या. चिमटीने खडू कधी उचलला कळलंसुद्धा नाही, किती महिने वाट बघत होती. पाच वेळा 'का' झालं. पाचव्याला काटकोनाची मान पहिल्यांदा खाली गेली. म्हणाला, आठ महिने घरी गेला नाही, त्या सकाळी फोनवर लेकीने आवाज ओळखला नाही, आणि मागणीचा कागद तेव्हाच पुढे आला.

चिमटीने लिहिलं. मोठ्या अक्षरांत. कारण: लेक. मग तिनेच पुसलं, बाहीने, आणि त्याला चहा आणून दिला.

कड्या परत गेल्या. तो पंधरा दिवस घरी गेला. आणि जाण्याआधी दुभाषीला घेऊन माझ्यापाशी आला, काटकोनात उभा, हसू दाबत. म्हणाला, "आजी, तुम्ही चूक फार छान उघडी करता. इथेच शहरात एक सभा आहे. सगळे साहेबच साहेब. मी तुमचं नाव दिलंय." डोळ्यात बघून सांगते, तो सूड होता. आमच्या पद्धतीचा. चहा पाजून.

तर अशी मी इथे. त्याने माझं ऐकलं, मी त्याचं ऐकलं. आता चूक झाली की तो झाकतो आणि मी भोंगा वाजवते, आणि भांडण होतं तेवढंच आहे. शिक्का सुनेकडे, त्यामुळे मला काय करायचंय असं म्हणायचीही सोय राहिली नाही. विचारा काय विचारायचं ते. पाचच प्रश्न, पाचवा जपून.

आणि तो दिवा राहू दे रे बाबा, आता नको फिरवूस. डोक्यावर लागल्याशिवाय मला हल्ली खरं सुचत नाही.